आणखी एकच सायकल

सायकली किती असाव्यात, या प्रश्नाचं उत्तर सायकलवाल्यांनी बीजगणितात देऊन ठेवलं आहे. उत्तर आहे एन अधिक एक, आणि एन म्हणजे सध्या तुमच्या घरी असलेल्या सायकली. व्हेलोमिनाटी या नावाने सायकलस्वारांची एक इंग्रजी नियमावली प्रसिद्ध आहे. तिच्यातल्या बाराव्या नियमाने या सूत्राला शास्त्राधार दिला आणि पाठोपाठ एक उपसूत्रही जोडलं: एस वजा एक, जिथे एस म्हणजे जितक्या सायकली झाल्यावर जोडीदार घर सोडून जाईल तितक्या. उपसूत्र वरवर शहाणपणाचं वाटतं. पण एसची किंमत काढायला प्रयोग करावा लागतो आणि हा प्रयोग एका संसारात एकदाच करता येतो. उत्तर हाती येतं तेव्हा ते वापरायला संसार उरलेला नसतो. मूळ सूत्राचा दोष याहून मोठा आहे. त्यात रस्ता नाही, काम नाही, चालवणाऱ्याचे पाय नाहीत की दिवसाचे तास नाहीत. सायकलींची संख्या फक्त सायकलींच्या संख्येवर अवलंबून आहे. गणितात याला काही भारदस्त नाव असेल, घरात याला व्यसन म्हणतात. तरीही एकामागून एक सायकलवाले शपथेवर सांगतात की सूत्र अनुभवाला उतरतं, आणि ते खोटं बोलत नसतात. माझं म्हणणं इतकंच की सूत्र खरं ठरण्याचं कारण ते सांगतात ते नव्हे.

तुलनेसाठी एक साक्षीदार उभा करू: काळी, बावीस इंची सांगाड्याची, सळईच्या ब्रेकची लोखंडी सायकल. स्टँड, कॅरियर, चेनकव्हर, मडगार्ड सगळं धरून वजन वीस किलोच्या आसपास. हिच्यावर दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून दूधवाला गेला, पहाटे पेपर टाकणारा गेला, मुंबईत डबेवाला गेला. भरलेलं गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतं. तशी दोन-तीन सिलिंडरं लटकवून माणसं ही सायकल गल्लीबोळांतून नेत होती. रविवारी तिच्याच दांडीवर पोरगं, कॅरियरवर बायको आणि हँडलला पिशवी असा अख्खा संसार सासुरवाडीला पोचायचा. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याने तर कमाल केली. त्याने सायकल स्टँडवर चढवली, चाकाला पट्टा जोडला आणि जागच्या जागी पायडल मारून धारेचा दगड फिरवला. वाहन थांबलं की कारखाना सुरू. या मंडळींपैकी कुणी चाकांची दुसरी जोडी मागितल्याचं ऐकिवात नाही. यावर कुणी म्हणेल, मागितली नाही कारण परवडत नव्हती. गरिबीचं कौतुक करू नका. मान्य. पण मुद्दा त्यांच्या खिशाचा नाही, सायकलीचा आहे. दुसरी सायकल मिळाली असती तर तिने करायचं काय, असं एकही काम पहिलीने शिल्लक ठेवलं नव्हतं.

आता हिच्या शेजारी आजची रोड बाईक उभी करा. उभी करा म्हणजे भिंतीला टेकवा, कारण तिला स्टँड नाही. आठ किलोची ही वस्तू घडते कशी? काळ्या सायकलीतून एकेक गोष्ट काढत जायची. कॅरियर काढला, पिशवीचं काम गेलं. मडगार्ड काढलं, पावसाचे चार महिने गेले. चेनकव्हर काढलं, लेंगा गेला. घंटी आणि दिवा हे नंतर वेगळे विकत घ्यायचे. टायर बोटाएवढा केला, कच्चा रस्ता गेला. पायडलही अर्धवटच येतं, कारण त्यात खटका बसणारे खास बूट लागतात. आणि ते बूट घालून कोथिंबीर आणायला गेलेला माणूस मंडईच्या फरशीवर घोड्यासारखा टाप टाप वाजत चालतो. प्रत्येक वजाबाकीबरोबर किंमत वाढते. सोनाराकडे घडणावळ देतात हे माहीत होतं, इथे न घडवण्याची मजुरी द्यावी लागते. मला यात फसवणूक दिसत नाही. जे काढलं ते वेगासाठी काढलं आणि वेग थोडाफार मिळतोही. पण हिशेब लक्षात घ्या. माणसाने एक सायकल घेतली आणि त्याच्या हातून सहा कामं गेली. या सहांपैकी दोन भरून काढायला तो दुसरी घेतो, हायब्रिड किंवा ग्रॅव्हल, आणि तिच्याबरोबर तिची स्वतःची वजाबाकी घरात येते. एन अधिक एक खरं ठरतं ते असं. गरज रस्त्याने निर्माण केलेली नसते, आधीच्या सायकलीने केलेली असते.

वजाबाकीतली सगळ्यात मोठी रक्कम जाहिरातीत छापलेली नसते. ती म्हणजे सायकल सोडून जाण्याची मुभा. काळी सायकल कुलूप लावून, क्वचित न लावताही, पोस्टाबाहेर, देवळाबाहेर, हॉटेलाबाहेर तासन्‌तास उभी राहायची. लाखाची सायकल कुठेच उभी राहू शकत नाही. तिचा मालक चहाच्या टपरीवर तिच्याकडे तोंड करून बसतो, लघुशंकेला जाताना ती कुणाच्या तरी हाती सोपवतो आणि बँकेत तर जातच नाही. म्हणजे जगातल्या वाहनांमध्ये हे एक वाहन असं निघालं की जे माणसाला कुठेही नेतं, पण पोचल्यावर उतरू देत नाही. मग कामाच्या जागी जायला एक साधी सायकल हवी होते, चोरीला गेली तरी रडू येणार नाही अशी. या दुसऱ्या सायकलीची गरज मी पूर्ण मानतो. फक्त तिचं बिल पहिलीच्या खात्यावर टाकावं, एवढीच विनंती.

वेगाचा युक्तिवाद मात्र दोन ओळींत निकालात काढता येणार नाही, कारण त्याच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम हा सायकलींच्या तुलनेसाठी उत्तम काटा. एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर कापले. ख्रिस बोर्डमनने १९९६ साली ५६.३७५ कापले, हात पुढे ताणून झोपल्यासारख्या बैठकीत, वारा कापणाऱ्या सायकलीवर. मग नियम बदलले आणि २००० साली त्याच बोर्डमनला मर्क्सच्या धाटणीची साधी सायकल, साध्या तारांची चाकं आणि साधी बैठक देण्यात आली. अंतर भरलं ४९.४४१. मर्क्सपेक्षा १० मीटर जास्त. मर्क्सला मेक्सिकोच्या विरळ हवेचा फायदा होता हे खरं, पण सायकल काढून घेतल्यावर अठ्ठावीस वर्षांच्या प्रगतीची लांबी एका बसएवढी उरली हेही खरं. अर्थात यातून उलटाच निष्कर्ष निघतो, असं सायकलवाला म्हणेल: बघा, यंत्राने आणि त्यावरच्या बैठकीने सात किलोमीटर दिले! दिलेच. पण ते ताशी ५० किलोमीटरच्या वर दिले. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ५० ला जो खर्च येतो त्याचा पंधरावा हिस्सासुद्धा ताशी २० ला धड येत नाही. सिग्नल, बस आणि उलटी येणारी दुचाकी यांच्यातून जो ताशी २० ने जातो, त्याने वाऱ्याशी भांडण उकरून काढण्यात अर्थ नाही. वाऱ्याचं त्याच्याकडे लक्षच नसतं.

याच काट्यावरची ग्रॅम ओब्रीची गोष्ट मला जास्त आवडते. या स्कॉटिश गृहस्थाने सायकल स्वतः बनवली, त्यात धुलाईयंत्राचं बेअरिंग घातलं आणि जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतल्या हामारला विक्रम मोडायला गेला. बरोबर त्याच घाटाची, नामवंत कारागिराने बनवलेली नवी कार्बनची प्रतिकृतीही होती. पहिल्या दिवशी तो प्रतिकृतीवर बसला आणि अपयशी ठरला. दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या खटाऱ्यावर बसून ५१.५९६ किलोमीटर कापले आणि विक्रम मोडला. दोन सायकली असाव्यात याच्या बाजूने ही साक्ष वापरता येईल, पण मग जिंकून देणारी सायकल पहिलीच होती याचं काहीतरी करावं लागेल.

वजनाचा हिशेब तर पुणेकराला घरच्या घरी करता येतो. सिंहगडाचा डांबरी चढ पायथ्यापासून साधारण ६०० मीटर उंचीचा धरू. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो. जुन्या चाकांपेक्षा ४०० ग्रॅमने हलकी अशी कार्बनची जोडी घेतली, म्हणजे वजन अर्धा टक्का घटलं. तासाभराच्या चढात वेळ वाचला १८ सेकंद. शरीराची इंजिनासारखी उधळपट्टी धरूनही ऊर्जा वाचली दोन-सव्वादोन किलोकॅलरी. एवढ्यासाठी महिन्या-दोन महिन्यांचा पगार मोजलेला माणूस वर पोचतो आणि पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही असा बेत मांडतो. एका भज्यात चाकांच्या बचतीच्या कितीतरी पट ऊर्जा असते. एक भजं कमी खा, असा सल्ला मी देणार नाही. सिंहगडावर जाऊन भजी मोजणाऱ्याने मुळात कशाला जावं? पण मग चाकांचे ग्रॅमही मोजू नयेत.

इथे हमखास स्वयंपाकघराचा दाखला येतो. घरात तवा आहे, कढई आहे, कुकर आहे, इडलीपात्र आहे. त्यांची कुणी संख्या विचारत नाही, मग सायकलींचीच का? दाखला चतुर आहे, टिकणारा नाही. तवा, कढई आणि कुकर एकाच जेवणात, एकाच शेगडीवर, शेजारी शेजारी काम करतात. पाच सायकलींपैकी चार मात्र, पाचवी फिरत असताना, भिंतीकडे तोंड करून उभ्या असतात. माणसाकडे दोन पाय आणि एकच बूड आहे, या शारीरिक सत्याला कुठल्याच कंपनीने अजून पर्याय काढलेला नाही. उभी सायकल जागाही खाते: लांबी पावणेदोन मीटर, हँडलाची रुंदी धरून दहा-अकरा चौरस फूट. पुण्यात जागेचा भाव काय चालला आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने गुणाकार स्वतः करावा आणि उत्तर घरात मोठ्याने वाचू नये. ज्याला सायकली जमवायच्याच आहेत त्याचा प्रश्न वेगळा. कर्वेनगरात जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे, तिथे जाऊन कुणी ‘एवढ्या कशाला?’ असं विचारत नाही, कारण तिथे कुणी त्यांना गरज म्हणत नाही. छंद म्हणावं आणि खुशाल बाळगाव्यात. माझं भांडण शब्दाशी आहे.

शहाणा सायकलवाला या टप्प्यावर माघार घेतो आणि म्हणतो, ठीक आहे, सायकल एकच ठेवतो, चाकांच्या जोड्या दोन घेतो. एक हलकी, चढासाठी. एक जाडजूड टायरची, खराब रस्त्यासाठी. या प्रस्तावाला इतिहासाचा आशीर्वाद आहे. १९३७ पर्यंत टूर द फ्रान्समध्ये मुख्य स्पर्धकांना डिरेलरवाले गिअर वापरायची परवानगी नव्हती. ते मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या दात्यांची चक्रं लावत. चढ लागला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं. एकाच चाकात दोन चाकं. तुल्लिओ काम्पान्योलो या इटालियनाने हे काढणं-घालणं सोपं करणाऱ्या क्विक रिलीजचं पेटंट १९३० साली घेतलं, आणि चाक बदलणं हे पान्याचं काम राहिलं नाही, बोटाचं झालं. सायकलच्या शोधांमध्ये मला हा सगळ्यात सभ्य शोध वाटतो. त्याच्या बळावर एक सांगाडा आणि दोन जोड चाकं यांचा संसार सुखाने व्हायला हरकत नव्हती.

पण मध्ये पत्रिका आली. आजचं चाक आजच्या सायकलीत बसवायचं तर आधी गुण जुळवावे लागतात. मागच्या हबची रुंदी बघायची: १३० मिलीमीटर, १३५, १४२, की १४८? ॲक्सल क्विक रिलीजचा की आरपार जाणारा १२ मिलीमीटरचा? ब्रेक रिमवर आवळणारे की डिस्कचे? डिस्क असेल तर सहा स्क्रूंची की सेंटरलॉक? कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, कुठल्या घराण्याची? शिमानोच्या हबवर काम्पान्योलोची कॅसेट बसत नाही, सोयरीक वर्ज्य. बरं, घराणं एकच निघालं म्हणून हायसं वाटावं, तर शिमानोच्याच दहा गिअरच्या जुन्या रोड हबवर रोडची अकराची कॅसेट बसत नाही, आणि फरक किती, तर दोन मिलीमीटरसुद्धा नाही. एवढ्या अंतरावर चांगलं स्थळ मोडतं. जन्मतारखेतही घोळ असतो. डोंगरात फिरायच्या सायकलीचं २९ इंची म्हणून विकलं जाणारं चाक आणि रोड बाईकचं ७०० सी हे दोघे सख्खे जुळे. रिमवर टायर बसतो तिथला व्यास दोघांचाही ६२२ मिलीमीटर. उलट दूधवाल्याचं साधं २८ इंची चाक तिथे ६३५ मिलीमीटर भरतं, म्हणजे २८ हे २९ पेक्षा मोठं. हा हिशेब ज्याने ठरवला त्याच्याकडे मुलांची वयं विचारू नयेत. काळ्या सायकलींच्या बिरादरीत हा छळ नव्हता. नाशिकचं चाक नगरच्या सायकलीत बसायचं आणि आऊट काढून देणाऱ्याने कधी कुणाचं गोत्र विचारलं नाही.

पत्रिका जुळली तरी नांदणं वेगळं. चाक बदलायला दोन मिनिटं लागतात, असं सांगतात. ती दोन मिनिटं झाल्यावर डिस्क पॅडला किंचित घासू लागते आणि अख्खी रविवारची फेरी कुणीतरी कानाशी तांदूळ पाखडत असल्यासारखी पार पडते. गिअर अर्ध्या चुटकीने हलतो, तो जुळवायला हवा. रिम ब्रेक असेल तर कार्बनच्या रिमला पॅड वेगळे, ॲल्युमिनियमला वेगळे. म्हणून दुसऱ्या जोडीला आपली कॅसेट हवी, आपल्या डिस्क हव्यात, आपले टायर हवेत. ट्यूबलेस असतील तर आतलं सीलंट काही महिन्यांत वाळतं, तेही दोन ठिकाणी भरा. एवढं सगळं झाल्यावर मालकाच्या लक्षात येतं की या जोडीला आता फक्त सांगाडा, हँडल आणि सीट तेवढं कमी आहे. चाकांची जादा जोडी घरात बसते ती अशी, उपवर होऊन. सायकलींची संख्या आटोक्यात ठेवायला घेतलेली चाकंच पुढच्या सायकलीचं निमित्त होतात. चाकं कमी करणारी वस्तू आजवर एकच निघाली आहे, ती म्हणजे मागचं चाक काढून सायकल जिथे अडकवायची तो घरातला ट्रेनर. तिथे एका चाकात भागतं, आणि तीही सायकल कुठेच जात नाही.

राहता राहिला अडीअडचणीचा मुद्दा. वेळप्रसंगाला जादा सायकल हवी, विशेषतः लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेवाल्यांना. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. मध्येच काही मोडलं तर? प्रश्न रास्त, उत्तर चुकीच्या जागी. रात्री दोन वाजता खंबाटकीत तार तुटते तेव्हा जादा सायकल कोथरूडच्या गॅलरीत असते. ब्रेव्हेच्या नियमांत दोन कंट्रोलच्या, म्हणजे तपासणी नाक्यांच्या, मधल्या रस्त्यावर बाहेरची मदतही चालत नाही. तिथे उपयोगी पडतं ते सीटखालच्या पिशवीतलं: ट्यूब, तार, साखळीचा दुवा, पाना आणि ते वापरायची अक्कल. १९१३ च्या टूरमध्ये टूर्माले घाटाच्या उतारावर युजेन क्रिस्तोफच्या सायकलीचा फोर्क मोडला. तो सायकल खांद्यावर घेऊन मैलोगणती चालला, सांत-मारी-द-काम्पाँ गावातल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतः फोर्क जोडला आणि एका पोराने भाता ओढून दिला म्हणून दंडही भोगला. त्याची जादा सायकल म्हणजे लोहारकाम. आज एवढी अपेक्षा कुणाकडून नाही, पण पंक्चर काढता न येणाऱ्याने चौथी सायकल घेणं म्हणजे पोहता येत नाही म्हणून आणखी एक विहीर खणणं.

तेव्हा आकडा द्यायचाच तर माझा आकडा दोन सायकली आणि तीन जोड चाकं. एक सायकल स्टँड, कॅरियर आणि मडगार्डची. पावसाची, मंडईची, कुठेही सोडून जाता येईल अशी. दुसरी हौसेची, तिला दोन जोड, कारण मुळशीकडचे काही रस्ते बोटाएवढ्या टायरसाठी केलेले नाहीत आणि काही तर मुळात केलेलेच नाहीत. चढासाठी वेगळी, सपाटीसाठी वेगळी, घड्याळ लावून पळायची वेगळी, हे सगळं शर्यतीत पैसे मिळवणाऱ्यांनी करावं. त्यांना चाकं कुणी फुकट देतं, म्हणून ती त्यांना लागतात. या आकड्यात एकच अडचण आहे. व्यावसायिक शर्यतींत २०१८ साली डिस्क ब्रेक कायमचे रुजू झाले, तेव्हापासून हौशी माणसाने जुनी सायकल विकून डिस्कची घेण्याचा सपाटा लावला आहे. सायकल जाते, पण तिची चांगली चाकं मागे राहतात, कारण विकताना गिऱ्हाईक त्यांचे निराळे पैसे देत नाही. १३० मिलीमीटरची, रिम ब्रेकची, दहा गिअरची अशी ही जोडी माळ्यावर असते. विकायला काढली तर कुणी विचारत नाही, भंगारात द्यायला जीव होत नाही आणि तिच्या तारा अजून ताठ आहेत. जुन्या बाजारात तिला साजेसा लोखंडी सांगाडा मिळतो, फार महागही नसतो.